बेरी, बक, मिल्स, स्टाइप

केबल टीव्ही आमच्याकडे नवा नवा येत होता तेव्हाची गोष्ट. १९९२ साल. ताळगावच्या एका मित्राकडे आम्ही दोघे-तिघे संध्याकाळचे एम.टीव्ही. बघत बसलो होतो. हा मित्र गिटार वाजवायचा, चर्चच्या कॉयरमध्येही आणि लग्नांच्या बँडमध्येही. पडद्यावर एक अंधारी खोली आली. दुधाचं भांडं पडून फुटलं आणि मग मेंडोलिनचे ते सूर सुरू झाले. एक सडपातळ माणूस अंगात आल्यासारखा हातपाय झाडत नाचत होता. मध्येच पंख लावलेला म्हातारा देवदूत, मध्येच बाण रुतलेला संत, मध्येच थेट आपल्या किराणा दुकानातल्या कॅलेंडरवरून उतरलेली देवमंडळी! गाणं होतं 'लूझिंग माय रिलिजन'. मित्राची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिनं पडद्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "धर्म सांडलो? कसलें रे हें कांतार?"

तिला उत्तर देण्याइतकी अक्कल तेव्हा आमच्यापाशी नव्हती. आता आहे, पण ती माउली नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात हा वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ सहनशक्ती संपणं, डोकं ठिकाणावर न राहणं. गाणं धर्माचं नाहीच. एकतर्फी ओढीनं कासावीस झालेल्या माणसाचं ते गाणं आहे. आणि कॅलेंडरवरची देवमंडळी उगाच नव्हती आली. या चित्रफितीचा दिग्दर्शक तरसेमसिंग, जन्म जालंधरचा. गार्सिया मार्केझची पंखवाल्या म्हाताऱ्याची कथा, कारावाज्जोची चित्रं आणि आपल्या सिनेमातला स्वप्नाळू भडकपणा, हे सगळं त्यानं एका भांड्यात ढवळलं होतं. फोंतेन्याशमधल्या सेंत सेबास्त्यांवच्या कपेलावरून शाळेत गेलेल्या माझ्यासारख्याला बाण लागलेला संत ओळखीचाच होता. तर अशी माझी आणि आर.ई.एम. या बँडची ओळख झाली, जालंधरमार्गे!

पुढच्या आठवड्यात अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानातून 'आउट ऑफ टाइम' या अल्बमची कॅसेट आणली. मला कॅसेटच्या आतला घडीचा कागद वाचायची सवय. आपल्या कॅसेटींवर कसं, गीत अमुक, संगीत तमुक, गायक अमुक आणि तबल्यावर कोण होतं ते नशिबात असेल तर बारीक अक्षरात. इथे सगळ्या गाण्यांना मिळून चार नावं होती. बिल बेरी, पीटर बक, माइक मिल्स, मायकल स्टाइप. शब्द कुणाचे, चाल कुणाची, काही नाही. नावं लावली होती ती इंग्रजी वर्णानुक्रमानं. (आपल्या बाराखडीत बक आधी आला असता. असो.) मला तेव्हा वाटलं छापणाऱ्यानं आळस केला. तो आळस नव्हता, तो करार होता. या बँडवर इतकी वर्षं एवढं लिहिलं गेलं तरी मला अजून त्या कागदावरच्या ओळीइतकं महत्त्वाचं काही वाटत नाही. म्हणून आज तिच्याबद्दलच लिहितोय.

जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं एक विद्यापीठाचं गाव आहे. मोठं शहर अटलांटा, ते तासा-दीड तासावर. १९८० साली पीटर बक तिथल्या 'वक्सट्री' या तबकड्यांच्या दुकानात काम करायचा. मायकल स्टाइप हा चित्रकला शिकणारा विद्यार्थी तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचा, आणि बकनं स्वतःसाठी बाजूला ठेवलेल्या तबकड्याच नेमक्या उचलायचा. मिल्स आणि बेरी हे दोघे मेकन गावचे, शाळेपासून एकत्र वाजवणारे. मिल्सकडे बास गिटार, बेरीकडे ड्रम्स. चौघांचा पहिला कार्यक्रम झाला ५ एप्रिल १९८० रोजी, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला. जागा कुठली, तर वापरात नसलेलं एक जुनं एपिस्कोपल चर्च! बक आणि स्टाइप त्यातच भाड्यानं राहत होते. ते चर्च पुढे पाडलं गेलं, मनोरा तेवढा शिल्लक राहिला.

अथेन्स गावात तेव्हा एक हवाच होती. 'बी-फिफ्टी-टूज' तिथूनच निघून न्यूयॉर्कला गाजत होते. 'पायलॉन' नावाचा चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा बँड होता. १९८७ साली 'रोलिंग स्टोन' मासिकानं आर.ई.एम.ला मुखपृष्ठावर अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड म्हणून छापलं, तेव्हा बिल बेरी म्हणाला की तो मान आमचा नव्हे, पायलॉनचा. पायलॉन तोवर बंदही पडला होता. हा बेरी लक्षात ठेवा. मला चौघांत सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच.

सुरुवातीला हे लोक एका जुन्या निळ्या व्हॅनमधून गावोगाव हिंडले. जेफरसन होल्ट हा त्यांचा व्यवस्थापक गाडी चालवायचा, आणि जेवणाला माणशी दिवसाला दोन डॉलर. १९८१ मध्ये 'रेडिओ फ्री युरोप' ही पहिली तबकडी निघाली, 'हिब-टोन' या अगदी लहान कंपनीकडून. ती ध्वनिमुद्रित झाली मिच ईस्टर याच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये, तिथं त्यानं स्टुडिओ थाटला होता. मोठ्या रेडिओ केंद्रांनी ती वाजवली नाही. वाजवली ती कॉलेजांच्या आवारात विद्यार्थीच चालवत असलेल्या केंद्रांनी. जाहिराती नाहीत, वरून हुकूम नाही, पोराला आवडलं की तबकडी फिरली! ज्याला पुढे 'अल्टरनेटिव्ह रॉक' हे नाव पडलं आणि ज्यावर नंतर कंपन्यांनी गडगंज कमावलं, ते रोप या असल्या खोल्यांमध्ये वाढलं. आर.ई.एम. त्यातलं पहिल्या हप्त्याचं पीक.

१९८२ साली 'आय.आर.एस.' या कंपनीशी करार झाला. कंपनीनं आधी स्टीफन हेग नावाचा निर्माता दिला. त्यानं एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं, वर कीबोर्ड चढवले. चौघे वैतागले आणि मिच ईस्टर व डॉन डिक्सन यांच्याकडे परतले. शार्लट शहरात 'मर्मर' हा पहिला पूर्ण अल्बम झाला, तो एप्रिल १९८३ मध्ये बाहेर आला. मुखपृष्ठावर कुडझू नावाची वेल आहे. पावसाळ्यात आपल्याकडे पडक्या घरांना रानवेली गिळतात ना, तशी ही वेल दक्षिणेत माळच्या माळ गिळते. त्या वर्षी 'रोलिंग स्टोन'नं वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला. त्याच यादीत मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' होता, म्हणजे बघा.

'मर्मर' पहिल्यांदा ऐकाल तर गायक काय म्हणतोय ते तुम्हाला कळणार नाही. माझं इंग्रजी कच्चं म्हणून नाही, अमेरिकनांनाही कळत नव्हतं. स्टाइप शब्द तोंडातल्या तोंडात घोळवतो. ध्वनिमुद्रणात त्याचा आवाज पुढे काढलेला नाही, गिटार-बास-ड्रम्सच्या ओळीतच बसवलाय. बक गिटारवर तारा एकत्र झणकारत नाही, एकेक तार सुटी छेडतो, रिकेनबॅकर गिटारचा तो घंटेसारखा नाद. चाल बऱ्याचदा मिल्सच्या बासमध्ये असते. बास म्हणजे नुसता खर्ज धरून बसणं नव्हे, तो वरच्या पट्टीत फिरतो, शिवाय मिल्स मागून दुसरीच ओळ गातो. बेरीही गातो. आपल्या भजनात बुवा एक सांगतो आणि बाकीचे झेलतात, तसं इथे नाही. इथे बुवाच नाही! कॅसेटच्या कागदावर जे लिहिलं होतं ते आधी कानाला ऐकू येत होतं, असं मला फार नंतर उमगलं.

करार असा होता. गाणं कुणाच्याही डोक्यातून येवो, नाव चौघांचं. पैसे चौघांत सारखे. आणि कुठल्याही निर्णयाला एकानं जरी नाही म्हटलं तर तो निर्णय रद्द. पैशांवरून आणि नावांवरून बँड फुटतात हे त्यांनी आधीच्या लोकांच्या कहाण्यांतून वाचलेलं होतं. एक फायदा असा की अल्बममध्ये 'माझं' गाणं घ्या म्हणून कुणाला भांडावं लागत नाही. सगळीच सगळ्यांची, मग चांगलं ते ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी नाटक मंडळींच्या हस्तपत्रिकांवर नाव वर की खाली यावरून जन्माचे अबोले झालेले पाहिलेत, त्यामुळे मला ते मुळीच सोपं वाटत नाही.

मधली वर्षं भरभर सांगतो. १९८४चा 'रेकनिंग', १९८५ साली लंडनला जो बॉइडकडे कुंद वातावरणात केलेला 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन', १९८६चा 'लाइफ्स रिच पेजंट' (इथे स्टाइपचे शब्द पहिल्यांदा स्वच्छ ऐकू येतात), १९८७चा 'डॉक्युमेंट' आणि त्यातलं 'द वन आय लव्ह' हे पहिल्या दहांत गेलेलं गाणं. लोक ते प्रेमगीत समजून एकमेकांना ऐकवायचे, प्रत्यक्षात ते चांगलंच विखारी आहे. १९८८ मध्ये 'वॉर्नर ब्रदर्स' या बड्या कंपनीत प्रवेश आणि 'ग्रीन'. वर्षाला एक अल्बम, मग दौरा, पुन्हा अल्बम. पण अथेन्स सुटलं नाही. यशस्वी झाल्यावर मुंबई गाठायची असते, हे आम्हा गोव्याच्या लोकांच्या कलाकारांना शिकवावं लागलेलं नाही, दीनानाथांपासून आमची परंपरा आहे ती. या चौघांनी मात्र कचेरीसुद्धा गावातच ठेवली.

'ग्रीन'च्या दौऱ्यानंतर त्यांना आपापल्या वाद्यांचा कंटाळा आला. मग अदलाबदल सुरू झाली. बेरीनं बास हातात घेतला, मिल्स कीबोर्डकडे वळला आणि बकनं मेंडोलिन विकत आणलं. ते शिकता शिकता, टीव्हीसमोर बसून केलेल्या खुडबुडीतून 'लूझिंग माय रिलिजन'ची सुरावट सापडली. गाण्यात धड पालुपद नाही, वर मेंडोलिन. हे चालेल असं कंपनीलाही वाटलं नव्हतं. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. १९९१चा 'आउट ऑफ टाइम' एकट्या अमेरिकेत ४० लाखांवर खपला, आणि यांनी त्याच्यासाठी दौराच काढला नाही! त्याच अल्बममध्ये 'शायनी हॅपी पीपल' हे गोडमिट्ट गाणं आहे. २००३ साली निवडक गाण्यांचा संग्रह काढताना त्यांनी ते गुपचूप वगळलं. बरं केलं.

१९९२चा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' हे त्यांचं शिखर. नाव उचललं गावातल्या 'वीव्हर डी'ज' या खानावळीच्या घोषवाक्यावरून. आणि आतली गाणी जवळपास सगळी मरणाच्या, निरोपाच्या भोवती फिरणारी. काही गाण्यांतल्या व्हायोलिन-चेलोंची रचना लेड झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सची. 'नाइटस्विमिंग' या गाण्यात फक्त मिल्सचा पियानो, स्टाइपचा आवाज आणि थोडी बाकीची वाद्यं आहेत. बक नाही, बेरी नाही. तरी खाली नावं चौघांची.

'एव्हरीबडी हर्ट्स'ची गोष्ट तर याहून पुढची. ते मुळात आणलं बेरीनं, ड्रमरनं! एखाद्या मिनिटाचा, खेडवळ कंट्री धाटणीचा तुकडा होता. चौघांनी मिळून तो उलटापालटा केला आणि अखेर ओटिस रेडिंगच्या संथ, जड चालीवर आणून बसवला. स्टाइपनं या वेळी शब्द मुद्दाम साधे ठेवले, कारण ते मनानं खचलेल्या पोरांपर्यंत पोचायचे होते. आणि गाण्याचा ठेका कोण सांभाळतं? स्वस्तातलं एक ड्रम-मशीन. ड्रमरनं गाणं आणलं आणि ताल यंत्रावर सोडला. त्या गाण्यात बेरीचा वाटा नेमका किती हे कागदावर कुठेच नाही. लाखो लोकांना ते गाणं स्टाइपचं वाटतं, कारण तोंड त्याचं दिसतं. बेरीनं त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं माझ्या वाचनात नाही.

याच काळात त्यांनी पेरलेलं इतरांच्या शेतात उगवलं होतं. निर्वाणाचा कर्ट कोबेन उघडपणे सांगायचा की प्रसिद्धी कशी पेलावी हे आर.ई.एम.कडून शिकावं. तो खचत चाललाय हे कळल्यावर स्टाइपनं एकत्र काम करू म्हणून त्याला बोलवायचा खटाटोप केला, हेतू हा की पोरगा जगावा. एप्रिल १९९४ मध्ये कोबेननं जीव दिला. त्याच्या प्लेअरमध्ये 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' होता. पुढच्या 'मॉन्स्टर' या अल्बममध्ये त्याच्यासाठी केलेलं 'लेट मी इन' आहे.

'मॉन्स्टर'चा दौरा मात्र त्यांना महागात पडला. १ मार्च १९९५, स्वित्झर्लंडमधलं लोझान शहर. कार्यक्रम चालू असताना बेरीचं डोकं भयंकर दुखू लागलं, तो कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, आणि मे महिन्यात पुन्हा ड्रम्सवर बसला. जुलैत मिल्सच्या पोटाची शस्त्रक्रिया, ऑगस्टमध्ये स्टाइपची हर्नियाची! अशा दौऱ्यात, कार्यक्रमांआधीच्या तालमींतून ध्वनिमुद्रण करत त्यांनी १९९६चा 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय' केला. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत कमी ऐकला गेलेला उत्तम अल्बम. त्याच वर्षी वॉर्नरशी पाच अल्बमांचा नवा करार झाला, आकडा ८ कोटी डॉलरचा सांगितला जातो.

आणि १९९७च्या ऑक्टोबरमध्ये बेरीनं बँड सोडला. उत्साह उरला नाही, म्हणाला. पण अट घातली, मी गेल्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही. एकाच्या 'नाही'नं सगळं थांबतं, या नियमाचा असा वापर! उरलेल्या तिघांनी चालू ठेवायचं कबूल केलं, तेव्हाच तो गेला. कुठे गेला? अथेन्सजवळच्या शेतावर, गवत पिकवायला.

तीन पायांचं कुत्रंही कुत्रंच असतं, पळायला वेगळ्या तऱ्हेनं शिकावं लागतं, अशा अर्थाचं काहीतरी स्टाइप तेव्हा बोलला होता. १९९८च्या 'अप'मध्ये ड्रम-मशिनं आहेत, गाणी चाचपडतात, पण त्या चाचपडण्यात जीव आहे. गंमत म्हणजे सगळ्या गाण्यांचे शब्द पहिल्यांदा छापले गेले ते याच अल्बमात. चौथा गेल्यावर गायकाचे शब्द कागदावर आले. पुढे २००४चा 'अराउंड द सन' आला, तो कंटाळलेल्या माणसांचा अल्बम आहे हे खुद्द बकनंच नंतर सांगून टाकलं. २००८च्या 'अ‍ॅक्सेलरेट'मध्ये ते पुन्हा धावले.

या सगळ्यात मला एक खटकतं, तेही सांगायला हवं. समता होती, पण कुंपणाच्या आत. 'लूझिंग माय रिलिजन'मध्ये अकूस्टिक गिटार वाजवणारा पीटर होल्सॅपल गाण्याच्या मालकांत नाही. बेरीनंतर जोई वॉरोंकर आला, मग बिल रीफ्लिन कित्येक वर्षं ड्रम्सवर होता. दोघेही सोबतीच राहिले. चौथी खुर्ची रिकामीच ठेवली. मित्रप्रेम म्हणावं की हिशोब, मी ठरवू शकलेलो नाही.

मार्च २०११ मध्ये 'कोलॅप्स इन्टू नाऊ' आला, वॉर्नरचा करार पुरा झाला, आणि २१ सप्टेंबरला त्यांनी बँड संपल्याचं जाहीर केलं. निरोपाचा दौरा नाही, कोर्टकचेरी नाही, एकमेकांवर पुस्तकं नाहीत. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला गीतकारांच्या सन्मानसोहळ्यात चौघांनी मिळून 'लूझिंग माय रिलिजन' वाजवलं. पुन्हा एकत्र यायला काय लागेल, असं टीव्हीवर विचारलं तेव्हा मिल्स म्हणाला, धूमकेतू! फेब्रुवारी २०२५ मध्ये अथेन्सच्या '४० वॉट' क्लबात दुसऱ्याच मंडळींच्या कार्यक्रमात चौघे एका गाण्यापुरते रंगमंचावर चढले. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फोनवर टिपलेली ती चित्रफीत मी पाच-सहा वेळा पाहिली असेल.

इतकी वर्षं हे मनात का ठेवलं, त्याचं कारण आता सांगतो. कॉलेजात आम्हीही चौघे होतो. हार्मोनियम, तबला, ताळगावच्या मित्राची गिटार, आणि मी शब्द लिहायचो. एका स्पर्धेसाठी भावगीत बसवलं. त्याची चाल रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीवर आमच्या तबलजीनं गुणगुणली होती, कठड्यावर बोटं वाजवत. पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर 'गीत-संगीत' म्हणून माझं एकट्याचं नाव आलं. अर्ज मीच भरला होता. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. पुढच्या चतुर्थीनंतर तो तालमीला यायचा बंद झाला, कारण म्हणून घरच्या बागायतीचं काम सांगितलं.

त्या क्लबातली चित्रफीत मी त्याला पाठवली. खाली बरंच काही लिहिलं, मग पुसलं, आणि नुसतंच 'फेरीबोटीवरची चाल तुझी होती' असं लिहून पाठवलं. दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी आलं.

"पळयलें. ड्रमर म्हातारो जाला मरे."